पॉइंटवर अंदमान: बेळगावहून सहा जण, चार-पाच दिवस, कसं जमवायचं?

टिळकवाडीची_सून:

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, मिस्टरांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. घरचं सगळं म्हणजे किराणा, लाईट बिल, मुलांची फी, इन्शुरन्स गेली काही वर्षं क्रेडिट कार्डावरूनच भरतो त्यामुळे दोघांच्या कार्डांवर मिळून लाखाच्या थोडे वर पॉइंट साठलेत. बँकेचे मेसेज येत असतात, मिक्सर घ्या, ट्रॉली बॅग घ्या, पण मला त्यातलं काही नको, मला एकदा घरच्या सगळ्यांना घेऊन अंदमानला जायचंय. सासऱ्यांचं वय ७४, सेल्युलर जेल बघायची त्यांची फार वर्षांची इच्छा आहे, टीव्हीवर अंदमानचं काही लागलं की आवाज मोठा करायला सांगतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर चालतात पण जिना म्हटलं की जपून. मुलगी ११ वर्षांची, तिला पाण्याखालचे मासे बघायचेत, आणि मुलगा ५ वर्षांचा, त्याला वाळू मिळाली की झालं.

सुट्टी दसऱ्याची मिळेल नाहीतर मग एकदम उन्हाळ्याची. शॉप जास्त दिवस बंद ठेवता येत नाही म्हणून चार-पाच दिवसच हातात आहेत. पॉइंटवर सहा जणांची विमानाची तिकिटं निघतात का, का हॉटेल पॉइंटवर घेऊन तिकिटं पैशानं काढावीत? सांबऱ्याहून (आपलं बेळगावचं विमानतळ) जावं का गोव्याहून? आणि एवढ्या कमी दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील तिन्ही होतात का म्हाताऱ्या माणसांना घेऊन? एजंटनं तिन्हींचं पॅकेज दिलंय, रोज सकाळी एक बोट असा तक्ता आहे, बघूनच मला दम लागला. कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

निपाणीचा_पॉइंटवाला:

ताई, पॉइंटचं सांगतो, त्यात मला जरा जास्तच आवड आहे.

पहिलं म्हणजे लाख पॉइंट म्हणजे लाख रुपये नव्हेत. कार्डावर अवलंबून आहे सगळं. बऱ्याच साध्या कार्डांवर ४ पॉइंटला १ रुपया पडतो म्हणजे लाखाचे २५ हजार, त्याच्या वरच्या कार्डांवर विमानाच्या तिकिटाला लावले तर पॉइंटला ५० पैसे मिळतात आणि अगदी मोजक्या महागड्या कार्डांवर पूर्ण रुपया. तेच पॉइंट मिक्सरला किंवा बिलात वजा करायला लावले की किंमत आणखी खाली येते, म्हणून तुम्ही मिक्सर घेतला नाहीत हे फार छान केलंत. आधी दोन्ही कार्डांच्या ॲपमध्ये जाऊन फ्लाइटसाठी एका पॉइंटला किती पैसे धरतात ते बघा आणि कागदावर लिहा. काही कार्डांवर भाड्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट लावता येतात, उरलेले कार्डानं भरावे लागतात, शिवाय दर महिन्याला किती पॉइंट वापरायचे त्यालाही मर्यादा असते. दोन कार्डं आहेत तर दोन वेगळ्या बुकिंगमध्ये तीन-तीन माणसं टाकता येतील.

दुसरा रस्ता म्हणजे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे. एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, इंडिगोचं ब्लूचिप आहे, तुमचं कार्ड यातल्या कुणाशी जोडलेलं आहे ते बघा. यात कधी कधी किंमत जास्त मिळते पण इथं एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, एकदा वळवलेले पॉइंट परत बँकेत येत नाहीत. आधी त्या तारखेला, त्या विमानात पॉइंटवर सहा सीट दिसताहेत का ते बघायचं आणि मगच वळवायचे. कधी लगेच जमा होतात कधी दिवस लागतात, तेवढ्यात सीट गेली तर पॉइंट तिकडे पडून राहतात. आणि पॉइंटचं तिकीट घेतलं तरी टॅक्स आणि एअरपोर्टचे चार्जेस पैशानं भरायचेच असतात. २ वर्षांच्या वरच्या मुलाला पूर्ण सीट लागते, तेव्हा धाकट्याचे पॉइंट मोठ्या माणसाएवढेच धरा.

आता माझं मत. हॉटेलला पॉइंट लावू नका. तुम्ही सहा जण, म्हणजे निदान दोन नाहीतर तीन खोल्या, आणि पॉइंटची खोली शक्यतो दोन माणसांच्या हिशेबानं मिळते. हॅवलॉकला राधानगर बीचजवळ ताज आहे, सुंदर आहे म्हणतात, पण तिथं तीन खोल्यांत तुमचा सगळा साठा एका रात्रीत संपेल. त्यापेक्षा बेंगळुरू ते पोर्ट ब्लेअर हा जो सगळ्यात लांबचा आणि महागाचा टप्पा आहे त्याला सगळे पॉइंट घाला. बेळगाव-बेंगळुरू रेल्वेनं होतं, तिथं पॉइंट कशाला?

खानापूरची_लेक:

टिळकवाडी ताई, तुमची पोस्ट वाचून आमचीच आठवण झाली, आम्हीही आई-बाबा आणि मुलांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे मी फिरण्याचं सांगते.

तिन्ही बेटं करू नका, अगदी मनापासून सांगते. एजंटचा तो तक्ता जोडप्यांसाठी असतो. बोट सुटायच्या तासभर आधी जेट्टीवर हजर राहायचं, सामान स्कॅन, लाईन, मग दीड तास समुद्र, उतरलं की परत सामान, टॅक्सी, हॉटेलचं चेक-इन बाराच्या पुढे, यात अख्खा अर्धा दिवस जातो आणि म्हाताऱ्या माणसांचा तर पूर्ण जातो. दोन रात्री पोर्ट ब्लेअर (आता श्री विजय पुरम म्हणतात), दोन रात्री हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, एवढंच धरा. नील छान आहे पण तिथले बीच ओहोटीच्या वेळेवर चालतात. तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच जवळून बघता येतो आणि तिथपर्यंत खडकांतून, शेवाळ्यावरून चालत जावं लागतं, सासूबाईंना ते अजिबात जमणार नाही. बाराटांग बेटही एजंट सांगेल, मध्यरात्रीनंतर उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने जायचं असतं, ते तर सोडूनच द्या.

एक महत्त्वाचं, हॅवलॉक आधी करा आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि तुम्ही हॅवलॉकला अडकलात तर विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्या वेळेस एका खासगी बोटीची फेरी ऐनवेळी रद्द झाली, फोन कुणी उचलेना, पण हातात एक दिवस होता म्हणून निभावलं.

आणि वेळेचं बघा. अंदमान एवढं पूर्वेला असून घड्याळ आपलंच आहे. ऑक्टोबरात तिथं सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि पहाटे तेवढ्याच वाजता उगवतो. आपल्याकडे चार वाजता चहा घेऊन मग फिरायला निघायची सवय, तिथं चार वाजता निघालात तर राधानगरला पोचेपर्यंत अंधार. राधानगर जेट्टीपासून १२ किमीच्या आसपास आहे, तीनच्या आत तिथं पोचा. वाळू मऊ, किनारा लांबच लांब, मागं मोठमोठी झाडं, सासू-सासऱ्यांना सावलीत बसवून तुम्ही मुलांबरोबर पाण्यात जाऊ शकता. जीवरक्षक सांगतील त्याच भागात उतरायचं, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत त्यामुळे पाट्या गांभीर्यानं घ्या.

मुलीसाठी एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग करा (चष्मा-नळी लावून वरूनच पाण्यात बघायचं), बोटीनं नेतात, कंबरभर पाण्यातच मासे आणि कोरल दिसायला लागतात. माझी मुलगी पाण्यातून वर येऊन नुसती ओरडत होती, आई निळा होता, आई पट्टेवाला होता! तिचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. स्कूबाला १० वर्षं पूर्ण लागतात म्हणजे तुमच्या मुलीला करता येईल, पोहता येत नसलं तरी चालतं कारण इन्स्ट्रक्टर धरून असतो, पण सर्दी असेल तर करू नका, कानाला फार त्रास होतो. आणि स्कूबानंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, हे एजंट सांगत नाहीत.

जेवणाचं म्हणाल तर मासे भरपूर, पण शाकाहारी लोकांना भाजी महाग पडते कारण बरीच भाजी बाहेरून येते. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घरून घ्या, सासूबाई खूश.

शहापूरचे_काका:

मी बँकेतून रिटायर झालो, म्हणून दोन शब्द. सूनबाई, पॉइंट साठलेत ते वापरा, पण आता सहल ठरली म्हणून पॉइंट कमी पडतात असं वाटून उगीच खर्च कार्डावर ढकलू नका. बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं, वर्षाचं ते चाळीस टक्क्यांच्या पुढं जातं, त्यापुढं पॉइंट म्हणजे काहीच नाहीत. आणि मिस्टरांना सांगा, शॉपच्या मटेरियलची खरेदी पर्सनल कार्डावर करू नका, धंद्याचा वापर दिसला तर बँका पॉइंट रोखू शकतात. पेट्रोल, भाडं, वॉलेट यांवर पुष्कळ कार्डांना पॉइंट मिळतच नाहीत, तेही बघून घ्या.

आता तुमच्या सासऱ्यांबद्दल. ७४ वर्षांचा माणूस सेल्युलर जेल बघायची म्हणतो, मला वाचूनच भरून आलं. तिथं जायच्या आधी त्यांना एकदा विचारा, त्यांना बहुतेक ठाऊक असेल, सावरकर आपल्या हिंडलग्याच्या जेलमध्येही होते. १९५० साली पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला आले तेव्हा त्यांना स्थानबद्ध करून इथं आणलं होतं, एप्रिल ते जुलै, सुमारे शंभर दिवस. म्हणजे १९११ च्या जुलैत काळ्या पाण्यावर नेलेला माणूस, १९२१ मध्ये तिथून बाहेर आला, आणि स्वतंत्र भारतात परत आपल्या गावच्या तुरुंगात. आमचे वडील ह्या गोष्टी सांगायचे. नातवंडांना हिंडलग्याच्या रस्त्यानं जाताना हे सांगितलं तर पुढं अंदमानात गेल्यावर त्यांना तो तुरुंग परका वाटणार नाही.

बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्याभोवती सात पाख्या होत्या, आज तीन उभ्या आहेत. सगळ्या कोठड्यांची तोंडं समोरच्या पाखीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसरा दिसूच नये. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, तेव्हा जिने आहेत. सासऱ्यांना सकाळी ऊन चढायच्या आत न्या, थांबत थांबत चढू द्या, घाई करू नका. सासूबाईंना नाही जमलं तर खाली तेलाचा घाणा, फाशीघर आणि फोटोंचं दालन आहे, तेही बघण्यासारखं आहे. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो बसून बघायचा असतो, हिंदीचा खेळ कितीला आहे ते विचारून आधी तिकीट काढा.

त्यांच्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. बाकी बीच तुम्हाला गोव्यालाही मिळतील.

चोर्ला_रायडर:

काकांनी मस्त सांगितलं. मी नुसतं रस्त्याचं सांगतो. ताई, चोर्ला घाटानं गोव्याचं मोपा विमानतळ जवळ आहे खरं पण दसऱ्याच्या टायमाला पावसानं रस्त्याची काय अवस्था असते ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हाताऱ्या माणसांची पाठ जाईल आणि तिथून परत बेंगळुरू नाहीतर चेन्नईला विमान बदलायचंच आहे. हुबळीचंही तेच. सांबऱ्याहून बेंगळुरूचं विमान सोयीचं, पण वेळापत्रक बदलत असतं आणि दोन वेगळी तिकिटं असली तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरं चुकलं तर कुणी जबाबदारी घेत नाही. पोर्ट ब्लेअरची विमानं जास्त करून सकाळी-दुपारी असतात. म्हणून आदल्या दिवशी बेंगळुरूला पोचाच. आता बेळगावहून वंदे भारत आहे, पहाटे सुटते दुपारी पोचते, ऐसपैस बसून जायचं, रात्री एअरपोर्टजवळ देवनहळ्ळीच्या बाजूला मुक्काम, सकाळी फ्रेश होऊन विमान. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालात तर सकाळी बेंगळुरूत उतरता पण तिथून एअरपोर्ट ३५-४० किमी, ट्रॅफिकमध्ये जीव खालीवर, नकोच ते. सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर टाका, विमान प्रवासात त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि लाईनीत उभं राहावं लागत नाही.

आणखी एक, पॉइंट खरंच कमी पडले तर मन छोटं करू नका. मालप्याहून बोटीनं सेंट मेरीज बेटावर जाता येतं, सहा कोनी दगडी खांब आहेत तिथं, लाव्हा गार होताना झालेले, आणि मुरडेश्वरजवळ नेत्राणीला स्कूबा होतं. पावसाळ्यात दोन्ही बंद. पण सासऱ्यांना जेल बघायची असेल तर मग अंदमानच, त्याला पर्याय नाही.

निपाणीचा_पॉइंटवाला:

दसऱ्याबद्दल एक राहिलं. त्या सुट्टीत कर्नाटकच्या शाळा आणि बंगालची पूजा एकत्र येते, कोलकात्याहून अंदमान गच्च भरतं, त्यामुळे पॉइंटच्या सीट शोधायला फार कष्ट पडतील आणि भाडीही चढलेली असतील. एप्रिलच्या मध्यावर, परीक्षा संपल्या की लगेच बघा. ऊन असतं पण समुद्र शांत असतो, पाणी स्वच्छ दिसतं, मुलीला मासे जास्त दिसतील. ऑक्टोबरात पाऊस पूर्ण गेलेला नसतो.

टिळकवाडीची_सून:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच खूप आभार. काकांचं हिंडलग्याचं सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांना ठाऊक होतं, पण मग तासभर तेच बोलत बसले, त्यांच्या लहानपणी घरात काय चर्चा व्हायच्या, कोण कोण काय म्हणायचं, मुलंही ऐकत बसली होती. एवढं त्यांना बोलताना मी पाहिलेलं नाही.

दोन्ही कार्डांचं बघितलं. एकावर फ्लाइटला पॉइंटमागे ५० पैसे आहेत, दुसऱ्यावर २५. म्हणजे सहाही तिकिटं निघणार नाहीत पण निम्म्याच्या आसपास भार उतरेल. एप्रिलचं नक्की करतोय, वंदे भारतनं बेंगळुरू, तिथं मुक्काम, मग पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक दोन रात्री आणि परत पोर्ट ब्लेअर. नील काढून टाकलं. एजंटला सांगितलं तर म्हणाला एवढ्या लांब जाऊन नील सोडताय? मी म्हटलं हो, सोडतोय.

शेवटचं एकच विचारते, बोट सरकारी घ्यावी का खासगी? आणि सासूबाईंना गाडीतसुद्धा मळमळतं, चोर्ला उतरेपर्यंत लिंबू हुंगत असतात, त्यांचं काय करावं?

खानापूरची_लेक:

खासगीच घ्या ताई. सरकारी फार स्वस्त असते पण तिकिटात बेटावरच्या लोकांना प्राधान्य असतं, ते बरोबरही आहे, त्यांचं रोजचं येणं-जाणं त्यावर आहे. वेळही जास्त लागतो. खासगीत एसी, खुर्च्या, नंबरची सीट, आणि तिकीट ऑनलाइन निघतं. सगळ्यांच्या आधारवरची नावं तिकिटावर जशीच्या तशी टाका, जेट्टीवर तपासतात.

सासूबाईंना सकाळच्या पहिल्या बोटीत बसवा, सकाळी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. सीट खालच्या मजल्यावर मधोमध घ्या, तिथं हलणं कमी जाणवतं. मळमळीची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी द्या, मळमळायला लागल्यावर देऊन उपयोग नाही, आणि बीपीची वगैरे चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. पोट एकदम रिकामं ठेवू नका, तिखट-तेलकट नको, थोडा उपमा किंवा इडली पुरे. मोबाईलमध्ये बघू देऊ नका, लांब क्षितिजाकडे बघत बसायला सांगा. लिंबू असू दे की सोबत.

आणि हो, किनाऱ्यावर मुलं शंख-शिंपले, कोरलचे तुकडे गोळा करतील, ते बॅगेत येऊ देऊ नका. कोरल नेणं कायद्यानं बंद आहे आणि एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात. धाकट्याला आधीच समजावून सांगा, नाहीतर रडारड होईल. हॅवलॉकला एटीएम मोजके आहेत तेव्हा रोख पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.